वरवंट्याखाली फुटलेल्या सीडी
समोरच्या बाल्कनीत कुणीतरी कबुतरं हाकलायला जुन्या सीडी टांगल्यात, आणि त्यांची तिरीप डोळ्यांत गेली की माझा तळहात ठणकतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कानडी मुलखातल्या शहरात, चामराजपेटेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अण्णाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, कॉम्प्युटरचं दुकान होतं. महागडी सॉफ्टवेअर चोरून कॉपी करायची आणि गिऱ्हाइकांना विकायची, हा त्याचा धंदा. माझ्या ऑफिसात सगळं लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालायचं, आणि तिच्या काही सीडी मी घरी आणून ठेवल्या होत्या. एका दुपारी मी अण्णाच्या देखतच दुकानात आलेल्या एका छापखानेवाल्याला लिनक्सची सीडी दिली आणि म्हटलं, "ही फुकट आहे. हवी तितक्यांना वाटा, चोरी होत नाही." तो गेला आणि अण्णाने वेणी धरून मला भिंतीवर आपटलं. "माझ्याच पोटावर पाय देतेस?" स्वयंपाकघरातून वरवंटा आणून त्याने माझ्या उरलेल्या सीडी ठेचल्या, मग माझा मॉनिटर फोडला. मी मध्ये हात घातला तेव्हा सीडीचा एक चकचकीत तुकडा तळहातात घुसला. आई दारातून कानडी मिसळत "स्वल्प थांब रे", जरा थांब, एवढंच म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी छापखानेवाला सीडी परत घेऊन आला. "अक्का, माझ्या मशीनवर घातली, मेहुण्याच्याही घातली. आता पुढे कुणाला तरी द्या." अण्णाची नजर स्वयंपाकघराकडे वळली. पट्टी बांधलेल्या हाताने मी ती सीडी त्याच्यापुढे धरली. "फोड ना! किती घरांत जाऊन फोडशील?" त्याचं दुकान केव्हाच बुडालं, आणि खरं सांगते, मला आजही वाईट वाटत नाही.