अँब्युलन्सची दुसरी बॅटरी

चार वाजता कमिटी बसणार होती. पावणेतीन झाले होते. मुलुंडच्या एका छोट्या हॉस्पिटलच्या आवारात अँब्युलन्सचं बॉनेट उघडून, तात्पुरती बॅटरी जोडून आणि इंजिन चालू करून मी मीटर लावून उभा होतो. काटा १४.१ व्होल्टवर. अगदी बरोबर. म्हणजे माझं सर्टिफिकेट खरं, आणि ड्रायव्हर परब खोटा.

साल चौऱ्याऐंशी. भांडुपला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं वर्कशॉप होतं आणि या अँब्युलन्सचं काम माझ्याकडे होतं. जानेवारीत तिची बॅटरी गेली. आतलं पाणी आटून प्लेटा उघड्या पडल्या होत्या. मी लिहून दिलं: 'चार्जिंग ठीक. पाण्याअभावी बॅटरी निकामी.' पाणी घालणं ड्रायव्हरचं काम. परबला मेमो मिळाला.

मे महिन्यात नवी बॅटरीही तशीच गेली. सोमवारी गाडी नाहूरला बंद पडली तेव्हा आत अडलेली बाई होती. तिला टॅक्सीत घालून आणावं लागलं. बाई आणि मूल वाचलं, पण कमिटी परबला काढायलाच बसणार होती. पुरावा म्हणून फाइलला माझाच कागद.

सेक्रेटरी करमरकर बाहेर आले. "काय सामंत, झालं का? तेच लिहून द्या ना परत."

"अर्धा तास द्या."

"अहो, अकरा वर्षांचा ड्रायव्हर, त्याला बाटलीभर पाणी घालता येत नाही?"

परब शेजारीच उभा होता. मालवणकडचा, पन्नाशीचा माणूस. तो भडकला. "घालतंय! आठवड्याक दोन बाटल्ये घालतंय. देवाशपथ!"

"दोन?" मी विचारलं. महिन्याला अर्धी बाटली पुरायला हवी.

"दोन. आणि साहेबानु, तुम्ही गाडी उभी ठेवून काय तपासतास? मी काय ती उभी ठेवून चालवतंय?"

टोमणा होता, पण मला लागला तो वेगळ्या ठिकाणी. जानेवारीतही मी इंजिन नुसतं आयडलवर, म्हणजे जागच्या जागी हळू फिरत ठेवून रीडिंग घेतलं होतं.

"बस आत. ॲक्सिलरेटर दाब. हळूहळू."

काटा हलला. १४.६. १५.२. १५.८ वर थांबला.

बारा व्होल्टच्या बॅटरीला चार्जिंग साधारण १४.२ पर्यंत हवं. त्यापुढे गेलं की आतलं पाणी गॅस होऊन उडून जातं. बॅटरी उपाशी नव्हती, तिला अति होत होतं. परब पाणी घालत होता आणि गाडी ते उडवत होती.

व्होल्टेज आवरायचं काम रेग्युलेटरचं. ती मुठीएवढी पत्र्याची डबी बॉनेटखाली बॉडीला स्क्रूने बसवलेली असते. नवा रेग्युलेटर मी सोबत आणला होता. जुना काढला, नवा लावला.

पुन्हा १५.८.

सव्वातीन झाले. दोन रेग्युलेटर एकाच आकड्यावर खराब असू शकत नाहीत. मग त्यांना मिळणारं माप चुकत असणार. रेग्युलेटर बॅटरीचं व्होल्टेज स्वतःच्या डबीपासून मोजतो. डबी बॉडीला आणि बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला नीट जोडलेली असेल तरच ते बरोबर येतं. इंजिन तसंच वेगात ठेवून मीटरचं एक टोक डबीला लावलं, दुसरं निगेटिव्हला. जवळपास शून्य यायला हवं होतं. आलं १.६.

१५.८ मधून १.६ गेले की १४.२. रेग्युलेटर त्याच्या हिशेबाने बरोबर काम करत होता. आयडलवर मुळात वीजच कमी तयार होते, म्हणून तिथे काटा १४.१ च्या वर जात नव्हता.

डबी पुन्हा उतरवली. तिच्यामागचा बॉडीचा पत्रा हिरव्या ऑइल पेंटने चकचकीत. स्क्रूची भोकंसुद्धा रंगाने भरलेली.

"हा रंग कोणी लावला?"

"मीच. दसऱ्याक, ही डबी काढून. पूजेक गाडी आतसून पण नवी दिसाक होयी." मग त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे... माझ्यामुळे?"

मी पॉलिश पेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, डबी घट्ट बसवली. परबने ॲक्सिलरेटर दाबला. १४.२. आणखी दाबला. १४.२.

कमिटीपुढे मी सगळं सांगितलं. करमरकर म्हणाले, "म्हणजे शेवटी दोष परबचाच."

"रंग त्याचा. पण पाणी तो घालत होता, आणि माझ्या कागदात घालत नाही असं आहे. तो कागद मी मागे घेतो. जानेवारीत मी इंजिन वाढवून बघितलं असतं, तर ही दुसरी बॅटरी गेली नसती. सोमवारही झाला नसता. हे मिनिट्समध्ये घ्या."

"विचार करून बोलताय ना?"

"हो."

परबची नोकरी राहिली. अँब्युलन्सचं काम पुढच्या महिन्यापासून दुसऱ्याकडे गेलं. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तेव्हापासून मी व्होल्टेजचा आकडा एकटा लिहीत नाही. इंजिन किती वेगात होतं ते शेजारी लिहितो. जानेवारीच्या कागदावरचा १४.१ चा आकडा खरा होता. मी एवढंच लिहिलं नव्हतं, की तो उभ्या गाडीचा आहे.