उसवून शिवलेला कंदील्या

तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, आणि बोलणंही टोचणारं. म्हणून गल्लीनं तिचं नाव टाचणी ठेवलं. पँट आखूड करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, चेन बसवायची, म्हणजे दुसऱ्यानं शिवलेलं उसवून अंगाला बसवून द्यायचं, हा तिचा धंदा. कोणी 'दुरुस्तीवाली' म्हटलं की संपलंच. "दुरुस्ती नळाची करतात. मी कपडे सुधारते," असं ती सुनावायची, आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं स्टुलावर उभं राहायचं.

तिचा जुना सल म्हणजे कंदील्या. लहानपणी घरात टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन होतं. त्यात एक जाडजूड कॅसेट घालायची, आणि त्या कॅसेटमध्ये कंदील घेऊन भुयारातून उड्या मारत पळणारा एक खाणकामगार. खेळाचं खरं नाव परक्या लिपीत, म्हणून भावंडांनी त्याचा कंदील्या करून टाकला. घरात खेळायचा रिमोट एक आणि मुलं दोन असली की रिमोट कोणाच्या हातात जातो, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. दादा खेळायचा, ही बघायची. "तू बघून शीक," दादा म्हणायचा. शिकून झालं, पाळी काही आली नाही. पुढे दादाचं लग्न झालं, टक्कल पडलं, पोट सुटलं. पण मशीन काचेच्या कपाटात तसंच. पाहुणा टेकला रे टेकला की रेकॉर्ड सुरू: "कंदील्या माझ्याइतका जलद अजून कोणी संपवला नाही."

एके दिवशी समोरचा टीव्ही दुरुस्त करणारा पँट घेऊन आला आणि माप देता देता त्यानं मोबाईलवर काहीतरी लावलं. कुठलासा जुना खेळ, आणि त्यातला गडी वारा प्यायल्यासारखा पळत होता. भिंतीला घासत, शत्रूच्या डोक्यावरून, खड्ड्याच्या काठावरून.

"खोटं आहे हे. माणसाची बोटं अशी चालत नाहीत," टाचणी म्हणाली.

"बोटं नाहीतच. खेळ कॉम्प्युटरमध्ये चालवतात आणि एकेका चित्रावर थांबवतात. या चित्राला कुठलं बटण, पुढच्या चित्राला कुठलं, ते ठरवायचं. चुकलं तर मागे जायचं, पुन्हा करायचं. शेवटी उरते ती फक्त बटणांची फाईल. ती लावली की खेळ आपोआप तसाच खेळला जातो."

"म्हणजे उसवायचं आणि शिवायचं."

"हो, म्हणा तसं."

"मग एवढा वेळ खेळ खेळ काय करताय? शिवण म्हणा की!" आणि तिनं त्याच्या पँटला इतक्या जोरात टाचणी लावली की तो बिचारा स्टुलावरच उडाला.

त्याच आठवड्यात ती दादाच्या घरी जाऊन ठणकावून आली. "तुझ्यापेक्षा जलद संपवते कंदील्या. फाईल लावून. हात न लावता. संपवला तर मशीन माझं."

"तू?" दादा सोफ्यावर पसरत म्हणाला. "अगं, ही बटणं लावायची नसतात, दाबायची असतात. आणि नाही जमलं तर?"

"तर तुझ्या पाहुण्यांपुढे मी स्वतः सांगेन, दादासारखा कोणी नाही."

"मग तर हरूच नकोस बाई," आतून वहिनी ओरडली. "एकाच्या तोंडून ऐकून कान किटलेत, दोघांच्या तोंडून कुठे ऐकू?"

दादानं अट घातली: माझं मशीन, माझी कॅसेट. टाचणी म्हणाली, कबूल.

टीव्हीवाल्यानं स्वतःकडचा कंदील्या कॉम्प्युटरवर चढवून दिला, आणि दुकान बंद केल्यावर ती त्याच्याकडे बसू लागली. सुरुवातीला ती सरळ खेळतच सुटली, पटापट बटणं दाबत, दातओठ खात. इतक्या वर्षांची भूक ती! टीव्हीवाला कंटाळला. "मॅडम, खेळू नका. शिवा." तेव्हा कुठे हात थांबला. मग चांगली जागा साधली की तिथली नोंद ठेवायची, तिला ती 'टाचणी लावणं' म्हणू लागली. पुढे बिघडलं की त्या टाचणीपर्यंत उसवायचं. खेळातल्या वटवाघळानं तिला फार छळलं. दारातून आत गेलं की ते कधी डावीकडे उडे, कधी उजवीकडे, आणि उजवीकडे उडालं की कंदील्या मेलाच.

"नशीब असतं ते," टीव्हीवाला म्हणाला. "पण खेळातलं नशीब बटणांवर बसलेलं असतं. दाराबाहेर एक चित्रभर जास्त थांबून बघा."

ती थांबली. वटवाघूळ डावीकडे गेलं. टाचणी खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, "आणि लोक जन्मभर नशिबाला शिव्या देत बसतात! दारात जरा थांबायचं होतं, एवढंच."

फाईल पुरी झाली. टीव्हीवाल्यानं रिमोटच्या जागी जोडायचा एक डबा बनवला. त्यातून फाईलमधली बटणं थेट मशीनला पोचणार. जाण्याआधी त्यानं चाचरत विचारलं, "दादांची कॅसेट एकदा बघून घेऊ या का?"

"मला कॅसेट दाखवता? त्या कॅसेटसमोर वाढलेय मी."

वाढली होती खरी. पण कॅसेट लावायचा दादा, आणि हिला समोर बसवायचा तो खेळ सुरू झाल्यावर. ती कॅसेट होती 'हजार खेळ एकात'वाली. हजार कसले, डझनभर खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा. पण चालू केली की आधी यादी यायची. टाचणीच्या फाईलला यादी ठाऊकच नव्हती. रविवारी दादाच्या बैठकीत टीव्हीवाल्यानं डबा जोडला, मशीन चालू केलं, आणि कंदील्यासाठी रांधलेल्या सगळ्या उड्या त्या यादीनं गिळल्या. कुठलं तरी बटण लागलं आणि रणगाड्यांचा खेळ उघडला. रणगाडा गोल गोल फिरला, भिंतीला धडकला आणि त्यानं स्वतःच्याच किल्ल्यावर तोफ डागली. खेळ खल्लास.

"जलद संपवला बुवा," दादा डोळे पुसत म्हणाला. "हे मात्र मानलं!"

टाचणीनं डबा उपटला आणि वायर लोंबत असतानाच जिना उतरली. रस्ताभर तिनं टीव्हीवाल्याला झापलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "मी विचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी वहिनी दादाची पँट घेऊन दुकानात आली. "कमरेत सैल कर," ती म्हणाली. "आणि खिसे नीट तपास, लोक काय काय विसरतात." एका खिशात कॅसेट होती.

टीव्हीवाल्यानं ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि कॅसेट त्याच खिशातून घरी परत गेली. टाचणीला वाटलं, यादीतून कंदील्या निवडायची चार बटणं पुढे जोडली की झालं. तेही नव्हतं. यादीतून आलेल्या कंदील्याचं नशीबच निराळं निघालं. पहिलंच वटवाघूळ उजवीकडे! कापड तेच, पण पन्हा निराळा. तिनं हात कपाळाला लावला, मग बाह्या सरसावल्या आणि पहिल्या दारापासून सगळं उसवलं. यावेळी शिव्या कमी आणि काम जास्त. उसवता उसवता तिला एक जागा सापडली: भुयाराच्या कोपऱ्यात तिरपं घासून उडी मारली की कंदील्या भिंतीच्या आतून सरकत जायचा.

पुन्हा रविवार, पुन्हा दादाची बैठक. आणखी एकदा हसायला मिळणार म्हणून दादानं तीच पैज पुन्हा कबूल केली होती. यादी आली, फाईलनं कंदील्या बरोबर निवडला. दादा सुरुवातीला हसत होता. पहिलं वटवाघूळ डावीकडे गेलं तेव्हा हसू आखडलं. पाण्याचा खड्डा, जो दादा आयुष्यात एकदाच ओलांडू शकला होता, कंदील्यानं न थबकता ओलांडला. मग कोपरा आला, कंदील्या तिरपा घासला आणि भिंतीत शिरला. दादा सोफ्यावरून उठला तो उभाच राहिला.

"भिंतीतून गेला!"

"गेला."

खेळ संपला. दादाच्या कुठल्याही फुशारकीपेक्षा जलद.

"ही फसवणूक आहे," दादा म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"फसवणूक लोक लपवतात. मी तुला टाका न् टाका उलटून दाखवते. कुठला बघायचाय?"

दादा टीव्हीकडे बघत राहिला. मग खाली बसला आणि लहान तोंड करून म्हणाला, "तो भिंतीचा कोपरा... पुन्हा लाव ना एकदा."

टाचणी वायर गुंडाळत होती. मशीन तिनं आधीच काखेत मारलं होतं.

"माझ्या घरी ये," ती म्हणाली. "आणि येताना ती पँट घालून ये, कमरेत बसते का बघू."