क गटाची सहल

दादा सातवीपर्यंतच शिकला, पण त्याच्याकडून ऐकलं तर वाटावं, पुढचे वर्ग त्यालाच पुरले नाहीत. तो एका खाजगी शाळेची गाडी चालवायचा. गाडी शाळेची, तोरा मालकाचा. चौदा वर्षांत आरशालासुद्धा ओरखडा नाही, हे दिवसातून दोनदा सांगायचा, आणि ते खरंच होतं. त्याहून मोठी बढाई धाकट्या बहिणीची. आईवडील लवकर गेले, तिला त्यानेच शिकवलं, आणि त्याच शाळेत ती दुसरीची बाई झाली. पोरं तिला बाई म्हणत, म्हणून मग हा आपोआप मामा.

वर्षाच्या सुरुवातीला सरकारी तपासणीचे साहेब आले. दुसरीच्या एकेका पोराला समोर बसवून त्यांनी नवा उतारा वाचायला लावला आणि गट पाडले. घडाघडा वाचणारे अ, अडखळणारे ब, आणि अक्षराला अक्षर जोडता येत नाही ते क. क मध्ये बारा पोरं निघाली. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, त्यांनी ती बाराच्या बारा धाकटीच्या गळ्यात मारली. अ आणि ब गेले दुसऱ्या तुकडीत, जी त्यांची सून शिकवायची. दोघीही हंगामी, कायमची जागा एकच. जाताना साहेब म्हणाले, वर्षअखेर न सांगता परत येईन, जिची पोरं जास्त पुढे गेली असतील तिचं नाव वर पाठवीन.

धाकटी इरेला पेटली. शाळा सुटल्यावर तासभर पोरांना घेऊन बसायची, दादा गाडी घेऊन फाटकापाशी थांबायचा. जेवताना बातम्या. आज गालफुग्याने जोडाक्षर फोडलं, आज चष्मेवालीने आख्खं पान न थांबता ओढलं. दुसऱ्या दिवशी दादा तेच तिखटमीठ लावून चहाच्या टपरीवर सांगायचा. टपरीवाल्याला एव्हाना बाराही पोरं पाठ झाली होती.

वर्ष संपत आलं तेव्हा एका दुपारी मोठ्या बाईंनी दादाला आत बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, पोरांनी एवढी मेहनत केली, बक्षीस नको का? उद्या सकाळी घरून उचला आणि परस्पर नदीपलीकडच्या बागेत फिरवून आणा.

"बहिणीला मात्र बोलू नका हं. तिला कळू दे अचानक. तुमच्याइतकं विश्वासाचं माणूस नाही मला, दादा."

दादाची छाती गाडीच्या दारात मावेना. समोर केलेल्या वहीत त्याने झोकात सही ठोकली. वर काय लिहिलंय ते वाचायला थांबला नाही. संध्याकाळी टपरीवर सांगितलं, पंपावर सांगितलं, पंक्चरवाल्याला थांबवून सांगितलं. घरी मात्र ओठ शिवून जेवला आणि गालातल्या गालात हसत झोपला.

सकाळी बारा पोरं भरली आणि निघाला. पोरं काय गप्प बसतात? रस्त्याने जी पाटी दिसेल ती वाचायला लागली. 'येथे गाडी उभी करू नये.' 'दात दुखतात? आत या.' 'उधारी बंद.' पुलावर दात पडलेला एक पठ्ठ्या खिडकीला नाक लावून 'अवजड वाहनांस प्रवेश बंद' एका दमात वाचून मोकळा झाला, आणि मामाची गाडी अवजड आहे का यावर मागे भांडण जुंपलं. हसून हसून दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हणाला, हे साहेबांनी ऐकायला हवं होतं.

साहेब तेव्हा धाकटीच्या वर्गात रिकाम्या बाकांपुढे बसले होते.

दुपारी गाडी फाटकात शिरली तेव्हा धाकटी पायरीवर उभी होती. पोरं तिला जाऊन बिलगली. तिने त्यांना वर्गात पाठवलं आणि मग सांगितलं. साहेबांनी तीनदा हजेरी घेतली, तासभर वाट पाहिली, आणि 'प्रगती आढळली नाही' असं लिहून गेले. पोरं पुन्हा क मध्येच.

दादा तडक मोठ्या बाईंच्या खोलीत घुसला. खुर्चीचं कुणी नाव काढलं नाही. साहेब न सांगता येणार होते, पण बाईंना कचेरीतून आदल्या दिवशीच कुणकुण लागली होती. बाईंनी वही उघडून त्याच्याकडे फिरवली. मुलांना चालकाने स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर नेलं, असं लिहिलेलं, आणि खाली त्याची सही.

"मी कुठे पाठवलं? सही तुमचीच ना?"

वही घेऊन तो साहेबांच्या कचेरीत जाणार होता. पण बाईंनी ती कपाटात घालून कुलूप लावलं. तो तसाच गेला. जे घडलं ते सगळं सांगितलं, पहिल्यांदाच काही न वाढवता. साहेबांनी ऐकून घेतलं. पण कागद वर गेला होता. आठवड्याने सुनेला कायमची ऑर्डर आली.

टपरीवर कुणीतरी म्हणालं, पोरांच्या मामाचाच मामा केला की. दादा उठून गेला.

त्या रात्री त्याने धाकटीपुढे मोठ्या बाईंना मनसोक्त शिव्या घातल्या. केसाने गळा कापला, म्हणाला. धाकटी वह्या तपासत होती.

"त्या माझ्या कोण लागतात? तू आख्ख्या गावाला सांगितलंस, दादा. टपरीवाल्याला माहीत होतं. एक मलाच नाही."



दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत चालत जाते. पोरं अजून वाचतात. पण गालफुग्या कुठल्या पानावर आहे ते दादाला आता टपरीवरसुद्धा कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी त्याला ठाऊक नसतं.