बिनडोळ्याचा मासा

गॅरंटीकाकाचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागायचं. जुने पंखे, मिक्सर, इस्त्र्या विकत घ्यायच्या, खोलून, पुसून, तेलपाणी करून परत विकायच्या, हा त्याचा धंदा. दुकान कसलं, राहत्या खोलीचाच पुढचा अर्धा भाग, मधे एक पडदा. सगळं रोखीत, या हाताचं त्या हाताला. कुणी बिल मागितलं की हा छातीवर हात ठेवायचा. "हे काय, उभं आहे की बिल! बिघडलं तर मी कुठे पळून जातोय?"

हसत हसत बोललेला शब्द, पण तोच गळ्यात पडला बघ.

लोकंही वस्ताद. दुसरीकडचा खटारा आणायची आणि "तुमच्याकडूनच नेलाय" म्हणून वर डोळे वटारायची. म्हणून काका आपल्या वस्तूच्या बुडाशी खिळ्याने एक मासा कोरायला लागला. इवलासा, बिनडोळ्याचा. आणि झालं उलटंच! बाजारात माशावाल्या पंख्याला भाव जास्त यायला लागला. एकाने दुसऱ्याला विकला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि दर वेळी पंख्याबरोबर काकाही विकला गेला. कधी तोंड न पाहिलेली माणसं दारात उभी. "काका, तुमच्या भरवशावर घेतलाय हो!"

लेक दूरच्या गावी दिलेली. ती फोनवर म्हणायची, "बाबा, या ना आता इकडेच. तुमचा नातू तुम्हाला फोनमध्ये राहणारा माणूस समजतो."

काकाने नवा माल घेणंच बंद केलं. म्हटलं, जुना मोडून संपेल, मग आपण मोकळे. पण मन लावून केलेल्या वस्तू, त्या मरतात थोड्याच? काकू कपाळावर हात मारायची. "जरा वाईट काम केलं असतंत, तर एव्हाना सुटलो असतो!"

शेवटी तिकिटं तिनेच काढली. बॅगा दाराशी, कुलूप काकाच्या हातात. तेवढ्यात एक बाई मिक्सर पोटाशी धरून, जिना चढून धापा टाकत आली.

"गॅरंटीकाका तुम्हीच ना? लोकांचा स्वयंपाक घेतलाय हो मी उद्याचा, आणि हा आत्ताच बंद पडला."

काकाने मिक्सर उलटा केला. मासा होता. पण माशाला डोळा होता. भाव वाढावा म्हणून कुणीतरी कोरलेला, नकली.

काकूलाही दिसला. "अहो, हा आपला नाही. सांगा तिला आणि चला, गाडी थांबणार नाही."

अगदी ओठावर आलं होतं काकाच्या. पण विकणारा कोण, कुठला, त्या बाईला काही ठाऊक नव्हतं. पैसे देऊन बसलेली. तिच्या हातात होता तो फक्त मासा.

"बस," काका म्हणाला. कुलूप खिडकीत ठेवलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला.

काकूने आपली बॅग उचलली. "चालू द्या तुमचं. नातवाला सांगते मी, आजोबा फोनमध्येच राहतात म्हणून." आणि गेली ती, मागे वळून न बघता.

नुसता मोटरमधला कार्बनचा तुकडा झिजला होता. तो बदलला, मिक्सर सुरू झाला, बाईचा चेहरा फुलला. काकाने सवयीने मिक्सर पुसला, उलटा केला, खिळा उचलला. डोळेवाल्या माशाशेजारी आपला बिनडोळ्याचा मासा कोरून झाला, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते.

बाई तर केव्हाच जिना उतरून गेली होती.