डावा कान आर्ककडे

दादाचा उजवा कान ग्राइंडरच्या आवाजाने खाल्ला. बावीस वर्षं तो कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकवतोय, त्यातली पहिली दहा कानात बोळाही न घालता. हे तिघांनाच ठाऊक होतं: वहिनीला, मला आणि वायरमनला. वायरमन म्हणजे विजेची कामं शिकवणारे सर, दादाचा जिगरी दोस्त. अठरा वर्षं दोघांनी एका बाकावर डबा खाल्ला, आणि वायरमन न सांगता दादाच्या डाव्या बाजूला बसायचा.

मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात टायपिंग करते. सख्खी बहीण म्हणून दादाचं कौतुक करत नाही. माणूस हट्टी आहे, आणि अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. पण शिकवावं त्यानेच. इतर लोक वेल्डिंग डोळ्यांनी शिकवतात, हा कानांनी शिकवतो. मुलांना मास्क घालून, डोळे मिटून, एका अंगाने उभं करायचं, डावा कान आर्ककडे, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या जाळाकडे, आणि रॉड पेटवायचा. "ऐका रे! तळणासारखं एकसारखं तडतडतंय तोवर ठीक. फुसफुसलं की रॉड लांब गेला. आवाज दबला की आता चिकटणार!" स्वतःला डावीकडूनच ऐकू येतं, म्हणून मुलांनाही तसंच उभं करायची सवय. बाकी त्यात काही शास्त्र नाही.

मागच्या वर्षी प्राचार्यांनी शिकवायच्या नव्या पद्धती लिहून मागवल्या. दादाने वही भरली, मी अकरा पानं टाइप केली. वायरमन ऑफिसात आला. "ताई, फाइल माझ्याकडे दे. माझ्या कागदांबरोबर वर पाठवतो, दादाच्या नावाने." मी दिली. तेव्हा माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

सहा महिन्यांनी हुकूम आला. वर्कशॉपच्या सगळ्या शिक्षकांनी नव्या पद्धतीचं चार दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं, शेवटी परीक्षा. नापास होईल त्याने वर्कशॉप सोडून स्टोअर सांभाळायचं. पहिल्या दिवशी हॉलमध्ये प्रशिक्षक म्हणून माइक धरून उभा कोण, तर वायरमन. हातात दिलेल्या पुस्तिकेवर त्याचं एकट्याचं नाव. आत दादाचं तळण, दादाची फुसफुस, सगळं जसंच्या तसं. पाचव्या पानावर मात्र भर होती: डावाच कान का, तर मेंदूची अमुक बाजू जागी होते. सोबत मेंदूचं चित्र!

दादा मला म्हणाला, "माझं नाव छापताना राहिलं असेल गं." मला त्याचाच राग आला.

दुपारी त्याने वायरमनला विचारलं. वायरमन म्हणाला, "अरे, वर नुसती वही चालत नाही. बोलणारा माणूस लागतो. तुझी पद्धत चार लोकांत गेली ना? मग झालं तर. तू काय परका आहेस?" केसाने गळा कापणं ऐकलं होतं, त्या दिवशी पाहिलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी दादाला बजावलं, "पुस्तकात आहे ते लिही आणि मोकळा हो."

"खोटं आहे ते."

"असू दे ना!"

त्याने पुस्तिका मिटून बाजूला सारली.

तपासलेले पेपर फाइल करायला माझ्याच टेबलावर आले. सातवा प्रश्न: डावाच कान का? दादाने लिहिलं होतं, "कारण ही पद्धत ज्याने बसवली त्याचा उजवा कान गेला आहे. ज्याचे दोन्ही शाबूत, त्याने कोणताही वापरावा." त्यावर लाल फुली. चार गुण गेले, आणि दादा दोन गुणांनी नापास. पेपर तपासले होते वायरमनने. उत्तर बरोबर आहे हे साऱ्या कॉलेजात ज्या एका शिक्षकाला ठाऊक होतं, त्यानेच फुली मारली. बरोबर म्हटलं असतं तर पद्धत कुणाची, हे कागदावरच आलं असतं. मी ती फाइल लावली. नोकरी आहे.

आता दादा स्टोअरच्या खिडकीतून रॉड मोजून देतो. पलीकडे वर्कशॉपमध्ये धडधाकट कानांचा नवा शिक्षक मुलांना ओरडतो, "डावा कान आर्ककडे!"

सोमवारी मी दादाचा विसरलेला चष्मा द्यायला गेले, तर वायरमन डबा घेऊन आत शिरत होता. जुन्या सवयीने दादाच्या डाव्या हाताला बसला आणि म्हणाला, "राग धरू नकोस रे, माझंही ऐकून घे."

दादा उठला. स्टूल उचलून वायरमनच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं, उजवा कान त्याच्याकडे करून बसला आणि डबा उघडला.

वायरमन बराच वेळ बोलत होता. दादा शांतपणे जेवला.