रायटरभाऊजींची यादी

रायटरभाऊजी कधी कुणाच्या नावावर काट मारत नसत. "काट मारली की माणसाचं आयुष्य तुटतं," म्हणायचे. नाव बदलायचं झालं की दाढीच्या ब्लेडने ते हलकेच खरवडायचे, फुंकर मारायचे आणि त्याच जागी नवं लिहायचे.

गुंदजवळच्या जंगलात लाकूडकापीचा तळ होता. माझे यजमान तिथे मुकादम. मी सगळ्यांचा स्वयंपाक करी. भाऊजी हजेरी लिहायचे, म्हणून ते 'रायटर'. करवत दोघांनी ओढायची, एक ओंडक्यावर, एक खाली. त्यामुळे यादीही जोड्यांची.

एकदा शिमग्याला गेलेला बाबू गावीच राहिला. ठरलं असं: बाबूच्या जागी तुका, तुकाच्या जागी सोमा, सोमाच्या जागी नवा आलेला गंगाराम. भाऊजी ब्लेड घेऊन बसले. आधी बाबूचा तुका केला. मग यादीत दिसेल त्या तुकाचा सोमा, आणि दिसेल त्या सोमाचा गंगाराम.

सकाळी हजेरी झाली. पहिली करवत गंगाराम आणि लक्षिमण. दुसरी गंगाराम आणि परशा. तिसरी गंगाराम आणि नारू.

"रायटरसायेब, मी एकटाच हाय वो!" गंगाराम रडकुंडीला आला.

सगळा तळ हसला, नाव गेलेला तुकासुद्धा. सोमा मात्र हसला नाही. नाव नाही म्हणजे काम नाही असं समजून त्याने वळकटी उचलली आणि निघाला.

ते कळताच भाऊजी यादी घेऊन मागे धावले. एक चप्पल ओढ्यात वाहून गेली. जोयड्याच्या रस्त्यावर त्यांनी त्याला गाठलं.

"चूक माझ्या हाताची, तुझी न्हाई. चल माघारी."

"आधी नाव घाला."

सोमाला वाचता येत नव्हतं. भाऊजींनी रस्त्यातच बसकण मारून कोपऱ्यात नाव लिहिलं आणि त्याचं बोट धरून त्यावर टेकवलं. तेव्हा तो वळला.

परत आल्यावर ते डोकं धरून बसले. मी म्हटलं, "भाऊजी, चुलीवरची भांडी पुढं सरकवताना मी शेवटचं आधी उतरवते. आधी सोमाचा गंगाराम करा, मग तुकाचा सोमा, बाबूचं शेवटी."

भाऊजींनी जुनी यादी नव्या कागदावर उतरवली आणि तसंच केलं. जोड्या बरोबर जुळल्या. "वहिनी, एवढ्या वर्षांत हे मला कुणीच सांगितलं न्हाई की!" तेव्हापासून प्रत्येक यादी आधी माझ्या चुलीपाशी यायची.

काही वर्षांनी डोळे अधू झाले म्हणून ते खानापूरकडे लेकीच्या घरी गेले. सोमाने त्यांची ट्रंक डोक्यावरून बसपर्यंत नेली. दुसऱ्या दिवशी नव्या कारकुनाने आकड्यांनी हजेरी घेतली.

"सतरा!"

कारकुनाने वहीतून मान वर केली.

"सतरा नंबर कोण?"

"सोमा म्हना," सोमा म्हणाला. "मग व्हय म्हंतो."