पाडव्याचा अर्ज

गेल्या बुधवारपासून आमच्या घरात आज तिथी कोणती, हे कुणालाही माहीत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी सुतळीने टांगलेलं पंचांग नाहीसं झालंय... अकोल्यात, आणि तेही संस्कृत शिकवणाऱ्या मास्तराच्या घरात! खिळा मात्र जागेवर आहे. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी त्या खिळ्याचं दर्शन घेतो.

रीतसर तक्रार दाखल केली. आमच्या मंजिरीबाई माहेरच्या अमरावतीच्या, म्हणजे विभागीय आयुक्तांच्या गावच्या, त्यामुळे निकाल लगेच लागला. "माळ्यावर ठेवलं मी. काही अडून राहिलं का तुमचं?"

अडलं काहीच नव्हतं... आणि कारण मला ठाऊक होतं.

आमची लेक ऋचा कॅनडात आहे. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करायला गेली, तो आता संपला. शिक्षण झालं की तिथे नोकरी करायला वर्क परमिट मिळतं, या एका खुंटीवर आम्ही सगळा बेत टांगला होता. बुधवारी सकाळी तिचा फोन आला. परमिट मिळणार नाही.

भानगड अशी आहे. डिप्लोमावाल्यांसाठी तिथल्या सरकारने विषयांची एक यादी केली आहे. विषय यादीत असला तरच परमिट... आणि ऋचाचा विषय यादीत नाही. पण ज्यांचा शिकायला जाण्याचाच अर्ज १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी गेला होता, त्यांना ही अट नाही.

आता २०२४ ची दिवाळी आठवा. वसुबारसेला, म्हणजे अठ्ठावीस ऑक्टोबरला, एजंटचा फोन आला होता. "सर, फाइल रेडी आहे. सबमिट करून टाकू?" ऋचा शेजारीच बसली होती, म्हणाली, "करू द्या ना बाबा." मी चष्मा लावला, पंचांग काढलं आणि गंभीरपणे सांगितलं, "पाडव्याला कर. साडेतीन मुहूर्तांतला आहे."

पाडवा दोन नोव्हेंबरला होता. सकाळी आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, पेढ्याचा पुडा जवळ ठेवून आम्ही तो अर्ज पाठवला. कॅनडात तेव्हा एक तारखेची संध्याकाळ होती... पण उपयोग नव्हता. नियमाला ऑक्टोबर संपेपर्यंतचेच अर्ज चालत होते.

त्या नियमाचं एजंटला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मला तर नव्हतंच. मला नक्षत्र ठाऊक होतं.

गावात माझ्या मुहूर्ताला मान आहे हो. बोअर मारायचा असो की दुकानाचं शटर उघडायचं असो, लोक येतात, मी फुकट सांगतो. परवा पातूरकडचे गजूभाऊ आले. शेती सांभाळून पोराला शिकवलं, आता तो जर्मनीला जायचं म्हणतोय.

"सर, पोट्ट्याचा फारम भरून राहिलो. उद्या अमावस्या हाय म्हंतात. ते टळू देऊ का? तुमी सांगान तो दिवस."

मी सवयीने खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणालो, "आज भरा."

"आज? अन् पंचांग तं पाहा न सर! काहून, तब्येत बरी नाही का तुमची?"

आतून मंजिरीचा आवाज आला. "भाऊ, पंचांग माळ्यावर आहे. तुम्ही आत्ताच्या आत्ता भरा."

गजूभाऊंना वाटलं आम्ही नवराबायको मस्करी करतोय. ते हसले, मग आमची तोंडं बघून हसायचे थांबले. पायरीवर बसूनच त्यांनी पोराला फोन लावला... अर्ज तिथूनच गेला. चहा न घेता उठले.

बुधवारच्या फोनवर आणखी एक गोष्ट निघाली. ऋचाला परमिटचं हे वर्षभरापासून ठाऊक होतं. यादी मधूनमधून बदलते, म्हणून ती वाट बघत राहिली. आम्हाला मात्र दर रविवारी सांगायची, "सगळं मस्त चाललंय." मुहूर्ताचं नाव तिने वर्षभरात काढलं नाही, बुधवारीही नाही. मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "ये परत. इथे बघू काही." ती म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका. बघते मी काहीतरी इथेच."

लोक विचारतात, मुलगी परत आली तर कसं होणार? तिच्या परत येण्याची मला भीती नाही. तिची खोली मंजिरीने झाडून ठेवली आहे. तिच्या आत्ताच्या, शिक्षणापुरत्या परवान्याचे थोडेच आठवडे उरलेत... आणि मला भीती वाटते, की ती येणारच नाही. कुठल्यातरी हॉटेलच्या मागच्या दाराने, कागदाशिवाय, ती तिथेच राहील, आणि दर रविवारी मला सांगेल, सगळं मस्त चाललंय.